गाणाराचा ठेवा कोणाचा?

मनुष्य गेला म्हणजे त्याचे शेत, घर, गाईबैल आणि भांडीकुंडी यांची वाटणी कशी करावी, याचा विचार आमच्या शास्त्रकारांनी फार बारकाईने करून ठेवला आहे. दायविभागासाठी स्मृतींत स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांवर विज्ञानेश्वर आणि जीमूतवाहन यांच्यासारख्या पंडितांनी मोठा खल केला आहे. परंतु एखाद्याने आयुष्यभर गाऊन जी चाल घडविली, ती कोणाच्या वाट्याला घालावी? वावराचे दोन तुकडे होतात, चालीचे होत नाहीत. विहिरीचे पाणी एकाने जास्त उपसले तर दुसऱ्यास कमी पडते. चाल हजारांनी गायिली तरी तिचा थेंब कमी होत नाही. मग ती कोणाची? आणि तिच्यापासून जे द्रव्य येते ते कोणाचे?

हा प्रश्न आम्हांस आपण होऊन सुचला नाही. तो आमच्या दारी चालत आला. गेल्या कार्तिक वद्यात आम्ही आळंदीस होतो. एके दिवशी दुपारी तिघेजण भेटीस आले. आमचे एक जुने स्नेही, ज्यांनी चाळीसएक वर्षे आमच्या कीर्तनात मागे उभे राहून चाल धरली, ते दोन वर्षांपूर्वी वैकुंठवासी झाले. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. हयातीतही त्यांना ते छापलेले आवडत नसे. त्यांनी गायिलेल्या अभंगांचे ध्वनिमुद्रण झालेले आहे, लोक ते अजून ऐकतात, आणि त्यापोटी वर्षाकाठी बरी रक्कम येते. जाण्यापूर्वी ते मुलाला एवढेच म्हणाले होते, की घरातलं भागलं म्हणजे उरेल ते गाण्याच्या कामी लावा. कागद केला नव्हता. आलेले तिघे म्हणजे त्यांचा मुलगा, त्यांचा पट्टशिष्य आणि गावचे एक प्रतिष्ठित गृहस्थ.

मुलगा म्हणाला, "बुवा, गावात बाबांचं स्मारक व्हावं. संगमरवरी मूर्ती आणि पुढं सभामंडप." शिष्य म्हणाला, "मूर्ती कशाला? दरसाल पुण्यतिथीला सप्ताह करू, आणि त्यात बाबांच्याच चाली गायच्या. दुसरी चाल शिरली की बाबांची चाल बिघडते." गावचे गृहस्थ जरा थांबून म्हणाले, "आमच्याकडं पोरं पखवाज शिकायला येतात, पण पखवाज एकच आहे. शिकवणाराला द्यायला पैसा नाही. तिकडं लावावा असं मला वाटतं." मग तिघांनी मिळून आम्हांस विश्वस्त होण्याची गळ घातली.

गंमत पाहा! 'गाण्याच्या कामी' हेच शब्द तिघांच्या तोंडी होते आणि तिघांचा अर्थ निराळा होता. त्यांपैकी एकही लबाड नव्हता. लबाड असता तर निर्णय सोपा झाला असता. आम्ही म्हटले, "चार महिने द्या. विचार करून सांगतो."

हल्लीच्या कायद्याने या बाबतीत एक व्यवस्था लावून दिली आहे. रचनाकाराच्या मागे ठराविक वर्षे त्याच्या रचनेचे उत्पन्न वारसांस मिळावे, आणि मुदत सरली म्हणजे रचना सर्वांची व्हावी. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने ही मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षे ठरली होती, ती १९९२ मध्ये साठ झाली. पण कायदा पैसा कोणाच्या हातात पडावा एवढेच सांगतो. त्या हाताने पुढे काय करावे, हे सांगणे धर्माचे काम.

या चार महिन्यांत आमच्या मनात एका परक्या देशातील बापलेकीची गोष्ट सारखी घोळत होती. वाचक म्हणतील, बुवा आळंदीहून एकदम विलायतेस कसे गेले? त्याचे कारण सावित्री. वटपौर्णिमेच्या एका कीर्तनात आम्ही सावित्रीचा दृष्टांत दिला. कॉलेजात शिकलेला आमचा एक विद्यार्थी मागाहून म्हणाला, "बुवा, या कथेवर एका इंग्रजानं संगीत नाटक रचलंय." आम्हांस आधी खरे वाटले नाही. पण ते खरे निघाले.

गुस्ताव होल्स्ट हे त्या इंग्रज संगीतकाराचे नाव. जन्म १८७४, चेल्टनहॅम गावी. महाभारत, रामायण आणि ऋग्वेद यांची भाषांतरे वाचून या माणसाला असा ध्यास लागला, की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन तो संस्कृतचे धडे घेऊ लागला. पंडित झाला नाही. कोश जवळ घेऊन शब्दाशब्दाने अर्थ लावी. आम्ही पाठशाळेत कौमुदीची सूत्रे घोकताना छड्या खाल्ल्या आहेत, तेव्हा त्या वयात आपखुशीने कोश उघडून बसणाऱ्या या गृहस्थाविषयी आम्हांस आपलेपणा वाटला. ऋग्वेदातील सूक्तांना त्यांनी वृंदगायनाचे रूप दिले, मेघदूतावर रचना केली आणि १९०८ मध्ये 'सावित्री' लिहिली. गाणारी पात्रे तीन, वादक बारा, स्त्रियांचा गायकवृंद दृष्टीआड, आणि सारा खेळ अर्ध्या तासाचा.

होल्स्टसाहेबांचा संसार शिकवण्यावर चालत असे. लंडनच्या एका मुलींच्या शाळेत ते १९०५ पासून मरेपर्यंत शिक्षक होते. शिवाय कष्टकरी लोकांसाठी चालविलेल्या मॉर्ले कॉलेजात १९०७ ते १९२४ पर्यंत संगीत शिकवीत. रचना करावयाची ती सुट्टीच्या दिवशी. उजवा हात दुखण्याने अधू, म्हणून पुष्कळदा विद्यार्थिनी आणि सहकारी त्यांच्यासाठी स्वरलेखन उतरवून देत. अशा स्थितीत १९१४ ते १९१७ या काळात त्यांनी 'दि प्लॅनेट्स', म्हणजे 'ग्रह', ही सात ग्रहांवरील मोठी रचना केली. त्यांना फलज्योतिषाचा नाद होता, मित्रांच्या पत्रिका मांडीत. त्यातून ती निघाली. जगभर त्यांचे नाव झाले ते हिच्यामुळे आणि पुढे उत्पन्न आले तेही मुख्यतः हिच्यामुळे.

आता ती पहिल्यांदा वाजली कशी, हे ऐकण्यासारखे आहे. होल्स्टसाहेबांपाशी मोठा वाद्यवृंद बोलाविण्याइतका पैसा नव्हता. बॅल्फर गार्डिनर नावाचे त्यांचे एक सधन मित्र होते, तेही रचनाकार. त्यांनी लंडनचे क्वीन्स हॉल आणि तेथील वाद्यवृंद स्वतःच्या खर्चाने ठरवून दिला. ता. २९ सप्टेंबर १९१८ रोजी निमंत्रितांसमोर 'ग्रह' वाजले, ती मित्राची भेट होती. याच गार्डिनर यांनी पुढे १९२३ मध्ये डीलियस या रुग्ण संगीतकाराचे फ्रान्समधील घर विकत घेऊन त्यांनाच राहावयास दिले. स्वतः मात्र काही वर्षांनी रचना करणे सोडून झाडे लावण्यात उरलेले आयुष्य घालविले. हे गृहस्थ ध्यानात ठेवा. त्यांचे काम पुढे आहे.

होल्स्टसाहेब ता. २५ मे १९३४ रोजी वारले. एकुलती एक मुलगी इमोजेन, वय वर्षे सत्तावीस, तीही संगीतकार. या बाईंनी बापाचा ठेवा कसा राखला, ते पाहण्यासारखे आहे. १९३८ मध्ये चरित्र लिहिले. १९५१ मध्ये वडिलांच्या संगीताचे परीक्षण करणारे पुस्तक लिहिले, त्यात जे कच्चे वाटले त्याला कच्चे म्हटले. बाप म्हणून झाकले नाही. बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराच्या साहाय्यक म्हणून त्या १९५२ पासून बारा वर्षे राबल्या. १९६४ मध्ये ते काम सोडले, आणि स्वतःच्या रचनेबरोबर वडिलांच्या ठेव्याची निगा हेच मुख्य काम धरले. वडिलांच्या शताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये, त्यांच्या सर्व रचनांची तपशीलवार सूची प्रसिद्ध केली. हस्तलिखितांच्या छायाप्रती काढविल्या. चेल्टनहॅमच्या जन्मघरात १९७५ मध्ये संग्रहालय उघडले. म्हणजे स्मारक त्यांनाही वर्ज्य नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

परंतु पैशाचे काय? १९८१ मध्ये त्यांनी होल्स्ट फाउंडेशन हा न्यास स्थापन केला. त्याचा पैसा प्रामुख्याने लागला तो हयात असलेल्या, नव्या, नाव न झालेल्या रचनाकारांसाठी. इमोजेनबाई ता. ९ मार्च १९८४ रोजी वारल्या. त्यांच्या सूचीच्या आणि संपादनाच्या कामात ज्यांनी साहाय्य केले होते, त्या कॉलिन मॅथ्यूज यांनी १९८९ मध्ये या न्यासाच्या द्रव्यावर एन.एम.सी. ही ध्वनिमुद्रणसंस्था काढली. तिचे काम ब्रिटनमधील हयात रचनाकारांचे संगीत मुद्रित करणे. बापाने मंगळ-शुक्रावर केलेल्या संगीताचा पैसा, ज्यांचे संगीत बापाने कधी ऐकले नाही अशा पोरांच्या कामी आला!

याच्या शेजारी डीलियस यांची गोष्ट ठेवून पाहा. तेही १९३४ मध्येच, होल्स्टसाहेबांच्या मागून सोळा दिवसांनी, ता. १० जून रोजी गेले. शेवटी शेवटी दृष्टी गेली होती, हातपाय लुळे पडले होते. एरिक फेन्बी हा तरुण त्यांच्याजवळ बसून ते सांगतील ते स्वर उतरवून घेई. डीलियस यांची इच्छा अशी होती, की आपल्या उत्पन्नातून दरसाल तरुण रचनाकारांच्या संगीताचा जलसा व्हावा. ती कायदेशीर रीतीने लिहून होण्यापूर्वीच ते गेले. फेन्बी सांगतात, की मग डीलियस यांचे थोर चाहते सर टॉमस बीचम यांनी त्यांच्या पत्नी येल्काबाई यांचे मन वळविले. जलशाचा बेत सोडून उत्पन्न डीलियस यांच्याच संगीताच्या संपादनास आणि ध्वनिमुद्रणास लावावे, असे बाईंच्या मृत्युपत्रात आले. बाई १९३५ मध्ये वारल्या आणि न्यास त्याप्रमाणे चालला.

येथे बीचमसाहेबांस दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण आम्ही तसे करणार नाही. ज्याचे संगीत विसरले जाण्याचे भय आहे त्याचे मुद्रण करणे हाही धर्मच आहे, आणि त्या मुद्रणांनी डीलियस यांचे संगीत राखले गेले. प्रश्न निराळा आहे. गेलेल्याने म्हटले होते, 'माझ्या पैशाने तरुणांचे गाणे व्हावे.' राहिलेल्याने ठरविले, 'तुझ्या पैशाने तुझेच गाणे व्हावे.' हे प्रेमाने केले, यात शंका नाही. पण प्रेमाने केलेला वचनभंग वचनभंगच राहतो की नाही?

शास्त्रात 'निक्षेप' म्हणून एक प्रकरण आहे. निक्षेप म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणाच्या पाठोपाठ निक्षेप येतो. ठेव राखणाराने ती जशीच्या तशी परत द्यावी, आपल्या उपयोगास लावू नये, हा त्याचा सारांश. आता कोणी शंका घेईल, की ठेव ठेवणारा मेला. परत कोणाला द्यावयाची? सोने असते तर मुलाला दिले असते. गाणे कोणाला द्यावे?

या शंकेचे उत्तर आमच्या मते ऋणविचारात आहे. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो, असे वेद सांगतो. देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे ब्रह्मचर्याने म्हणजे अध्ययनाने आणि पितरांचे प्रजेने फेडावयाचे. यात एक बारीक खुबी आहे, बरं का! बापाचे ऋण बापाला परत देऊन फिटत नाही. ते फिटते आपल्या पोटी आलेल्या लेकराला वाढवून. गुरूचे ऋण गुरूला दक्षिणा देऊन फिटत नाही. ते फिटते शिकून आणि शिकवून. सावकाराचे कर्ज ज्याचे त्याला मागे द्यावे लागते. ही ऋणे पुढे द्यावी लागतात. नदीने डोंगराचे पाणी डोंगराला परत नेलेले कोणी पाहिले आहे काय?

गार्डिनर यांनी होल्स्टसाहेबांस वाद्यवृंद ठरवून दिला. ते ऋण गार्डिनर यांच्या घरी पैसे पोचवून फिटले नसते. ते पुढच्या पिढीतल्या अनोळखी पोरांच्या ध्वनिमुद्रणात फिटले. होल्स्टसाहेबांचे जुने मित्र व्हॉन विल्यम्स यांनी तर १९५६ मध्ये, स्वतः हयात असताना, आपल्या रचनांच्या प्रयोगांचे उत्पन्न एका न्यासाकडे वळविले, ते दुसऱ्यांच्या संगीतास मदत व्हावी म्हणून. दोन वर्षांनी ते वारले. मागे राहणाऱ्यांस भांडावयास जागाच ठेवली नाही. यातून आम्ही धडा घेतला तो असा : ज्याला आपला ठेवा कसा वापरावा हे कळते आहे, त्याने ते जिवंतपणी कागदावर लिहावे. 'उरेल ते गाण्याच्या कामी' एवढ्यावर सोडू नये.

आता शिष्याचा पक्ष घेऊ, कारण तो सर्वांत बळकट आहे. तो म्हणतो, चाल शुद्ध राखली पाहिजे. खरेच आहे. इमोजेनबाईंनी सूची केली, हस्तलिखिते तपासली, ती शुद्धीसाठीच. आमच्या वैदिकांनी तर पद, क्रम, जटा, घन असे पाठ बांधून मंत्राचे एक अक्षर हलू दिले नाही. पण त्यांनी तो वेद राखला कोठे? पेटीत घालून कुलूप लावले काय? दरसाल नव्या पोराच्या कंठात घातला म्हणून राहिला. राखणे आणि देणे ही तेथे दोन कामे नव्हतीच.

राखण्याचा अतिरेक झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. इमोजेनबाई १९५० च्या अखेरीस बंगालात शांतिनिकेतनास येऊन सुमारे दोन महिने राहिल्या होत्या; तेथे त्यांनी आपल्याकडील लोकसंगीत अभ्यासिले. त्या शांतिनिकेतनाच्या विश्वभारतीकडेच रवींद्रनाथांच्या गीतांचे हक्क होते. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. १९९१ अखेर त्यांच्या रचनांची मुदत संपत होती. आपल्याकडे ती पन्नासाची साठ झाली त्यामागे हेच मोठे कारण होते. त्या काळात रवींद्रसंगीताच्या ध्वनिमुद्रणास विश्वभारतीच्या संगीत मंडळाची संमती लागे. देवव्रत विश्वास हे त्या संगीताचे फार मोठे गायक. पण त्यांच्या गाण्याच्या धाटणीस, साथीच्या वाद्यांस हरकती निघाल्या, आणि त्यांनी मुद्रण करणेच थांबविले. ते १९८० मध्ये वारले. २००१ अखेर मुदत संपली आणि ती गीते सर्वांस मोकळी झाली. तोवर विश्वासांचा कंठ कोठे होता? मंडळाचा हेतू वाईट नव्हता. त्यांना पाठशुद्धी हवी होती. परंतु पहारेकऱ्याने घरधन्यालाच उंबऱ्यावर अडविले, तर त्या पहाऱ्याला काय म्हणावे?

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो आहे, कारण हेच पाप आमच्या हातून घडले आहे. पंचवीसएक वर्षे झाली असतील. आमच्या गुरूंच्या पुण्यतिथीचे कीर्तन होते. मागे टाळकऱ्यांत अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. गळा असा, की उचलला तर कळसाला लागावा. गुरूंच्या चालीत त्याने एक जागा वेगळी घेतली. सुंदर घेतली, हे आज कबूल करतो. आम्ही भर कीर्तनात हात वर करून त्याला थांबविले आणि म्हणालो, "ही चाल आमच्या गुरूंची आहे. तुझ्या पदरची इथं नको." पोरगा खाली पाहू लागला. कीर्तन संपल्यावर त्याने टाळ गुंडाळून ठेवले. पुन्हा तो आमच्या मागे उभा राहिला नाही. पुढे ऐकले, की गाणेच सोडले.

त्या रात्री आमचे हेच स्नेही, जे आता नाहीत, आमच्याजवळ येऊन बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बुवा, चाल राहिली, पण गाणारा गेला." आम्हांस राग आला होता. राग उतरायला फार वर्षे लागली. कारण आमच्या गुरूंनी ती चाल त्यांच्या गुरूंकडून जशीच्या तशी घेतली नव्हती, हे आम्हांस त्या दिवशीही ठाऊक होते.

मुलाचा पक्ष राहिला. घरच्यांचा योगक्षेम आधी, याबद्दल वाद नाही. ज्याने गाण्यापायी रात्री बाहेर काढल्या, त्याच्या बायकोने त्या घरात काढल्या. त्या माउलीचा वाटा दानधर्माच्या आधी. पण मुलगा वाटा मागत नव्हता. तो बापाचे नाव मागत होता, आणि ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पितरांचे नाव राहावे असे कोणाला वाटत नाही? प्रश्न एवढाच, की नाव राहते कशाने.

तुकाराम बीजेस देहूस जाण्यापूर्वी, फाल्गुनात, आम्ही तिघांना बोलाविले आणि आमचे मत सांगितले. पहिले, आईच्या चरितार्थाची रक्कम आधी काढून ठेवावी. दुसरे, त्यांच्या सर्व चाली स्वरलेखनासह उतरवून, मुद्रणांच्या प्रती काढून, दोन ठिकाणी ठेवाव्या. हे काम शिष्याने करावे, त्याच्याइतके ते कोणाला साधणार नाही. प्रती मागेल त्याला द्याव्या. तिसरे, उरलेले सर्व द्रव्य शिकणाऱ्या पोरांवर लागावे : वाद्ये, शिकवणाराचे मानधन, लांबून येणाऱ्याचे जेवण. चौथे, ज्याला मदत द्यावयाची त्याला 'आमचीच चाल गा' अशी अट घालू नये. पाचवे, विश्वस्ताने या पैशातून बिदागी घेऊ नये, प्रवासखर्चही घेऊ नये. आपल्या मुलाला, जावयाला किंवा आपल्या शिष्याला त्यातून काही देऊ नये. आणि दरसाल पुण्यतिथीस देवळात सर्वांसमोर जमाखर्च वाचून दाखवावा. सहावे, पैसा साठवू नये.

हे सहावे कलम गावच्या गृहस्थांनाही रुचले नाही. "बुवा, गंगाजळी नको का?" त्यांना आम्ही होल्स्ट न्यासाचे पुढचे सांगितले. ब्रिटनमध्ये तेव्हाची मुदत पन्नास वर्षांची, म्हणजे १९८४ अखेर ती संपली. पुढे कायदा बदलून सत्तर झाली आणि १९९६ मध्ये हक्क पुन्हा जिवंत झाले; ते २००४ अखेर कायमचे सरले. आता तेथे 'ग्रह' कोणीही वाजवावे, कोणाला काही देणे नाही. न्यासाची मोठी मिळकत सरली. पण तिच्यातून जी ध्वनिमुद्रणे झाली ती आहेत आणि ती संस्थाही आहे. पाटाचे पाणी अमुक दिवसच मिळणार हे ज्याला ठाऊक आहे, तो शेतकरी ते साठवून ठेवण्यासाठी हौद बांधीत बसत नाही. भिजवण करून घेतो.

मुलगा शेवटपर्यंत गप्प होता. उठता उठता म्हणाला, "सगळं पटलं, पण बाबांचं नाव कुठं राहिलं यात?"

त्याला आम्ही सावित्रीचीच गोष्ट सांगितली, होल्स्टसाहेबांनी मांडली तशी. सत्यवानाला न्यावयास यम आला. सावित्रीने त्याचे अतिथीसारखे स्वागत केले. प्रसन्न होऊन तो म्हणाला, वर माग, पण तुझ्यासाठी माग; नवऱ्याचे प्राण मागू नको. तिने स्वतःसाठी जीवन मागितले, पुरते जीवन. यमाने दिले. मग ती म्हणाली, सत्यवान नसेल तर माझे हे जीवन कसले? यम शब्दात सापडला आणि सत्यवान उठला. बाबा, गाणाराचेही असेच आहे. त्याला चिरंजीव हो म्हणून वर मिळाला, तरी गाणारे दुसरे कोणी उरले नसतील तर त्याचे चिरंजीवपण कसले? दुसऱ्याला जगवील तेव्हाच त्याचे जगणे पुरते होईल.

आणखी एक सांगितले. 'ग्रह' या रचनेच्या शेवटी नेपच्यून येतो. त्यात स्त्रियांचा गायकवृंद शेजारच्या खोलीत, दृष्टीआड गात असतो. शेवटी मधले दार हळूहळू लावून घेतात, आणि आवाज बारीक होत होत नाहीसा होतो. ही रचना झाली तेव्हा प्लूटो ठाऊक नव्हता, तो १९३० मध्ये सापडला. २००० मध्ये मॅथ्यूज यांनी 'प्लूटो' रचून मूळ रचनेच्या शेवटाला जोडला आणि तो इमोजेनबाईंच्या स्मृतीस वाहिला. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठविले! तरी मूळ रचनेचे काही बिघडले नाही. ज्याला सात ग्रह ऐकावयाचे तो सात ऐकतो, ज्याला आठवा हवा तो आठ ऐकतो. कोणाची चाल कोणी बिघडविली नाही.

मुलाला पुरते पटले की नाही, सांगता येत नाही. जाताना त्याने नमस्कार केला, पण काही बोलला नाही. आम्हीही त्याला आणखी बोललो नाही. बापाचे नाव ज्याला हवे आहे त्याला युक्तिवादाने गप्प करता येते, त्याचे समाधान करता येत नाही. ते काळाने व्हावयाचे असते. गावातल्या एखाद्या पोराने पहिल्यांदा बापाची चाल धरली, आणि मग तिच्यात आपली एक जागा घेतली, म्हणजे कदाचित होईल.

आम्ही विश्वस्त होण्याचे मान्य केले आहे, एका अटीवर. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या पोराला आम्ही थांबविले, तो आता चाळिशी ओलांडून गेलेला गृहस्थ असेल. त्याच्या गावी जाऊन त्याला भेटावयाचे आणि गावच्या पोरांना शिकवशील का, असे विचारावयाचे. यावे की न यावे हे त्याचे त्याने ठरवावे. विचारावयास मात्र आम्हीच जाणार, दुसऱ्याला पाठविणार नाही. स्नेह्याने ठेवलेल्या ठेवीवर हात ठेवण्यापूर्वी आमच्या अंगावरचे हे जुने देणे आठवणे भाग आहे.

रामकृष्णहरी.